तीन बोटं मावतील एवढं तोंड

घर भाड्यानं मागायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी मला आधी तोंड उघडायला सांगितलं. पगार किती, गाव कोणतं, घरी माणसं किती, या प्रश्नांची तयारी ठेवून मी गेलो होतो. गारखेड्यात त्याआधी पाहिलेल्या प्रत्येक घरी ते झाले होते. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. मला व्हरांड्यात उजेडाकडं तोंड करून उभं केलं आणि म्हणाल्या, “अंगठा आणि करंगळी सोडा. मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि दातांच्या मधे घाला.”

मी घातली. तिन्ही मावली.

“शाबास. तंबाखू?”

“नाही.”

“सुपारी?”

“जेवणानंतर कधीमधी.”

“कधीमधी म्हणजे किती?”

मी सरकारच्या सांख्यिकी खात्यात नोकरीला होतो. ‘कधीमधी’, ‘बऱ्यापैकी’, ‘साधारण’ हे शब्द माझ्या टेबलावर आलेल्या कागदात मी कुणाला ठेवू देत नसे. पहिल्यांदाच कुणीतरी तो नियम माझ्यावर चालवत होतं. मी आठवून सांगितलं, आठवड्यातून दोनदा, लग्नसराईत जास्त.

“उद्यापासून बंद. घर तुमचं,” बाई म्हणाल्या. “आता घरमालकीण कोण आहे ते बघून घ्या.”

आत जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली एक सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी रुमाल काढला, काचपट्टी सरकवली आणि मला डोळा लावायला सांगितलं. गुलाबी जमिनीवर जांभळ्या ठिपक्यांची दाटी दिसली. काही ठिपके मोठे, काही वेडेवाकडे, कशाचा कशाला मेळ नाही.

“ही मी,” बाई म्हणाल्या. “डाव्या छातीतली गाठ. काढली सर्जननं, पण वाचली मी स्वतः. दुसऱ्यानं वाचली असती तर माझा विश्वास बसला नसता.”

सोबत आलेल्या माझ्या बायकोचा हात पदराकडं गेला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “घर चांगलं आहे, हवेशीर आहे, पण बाई जरा…” पुढचा शब्द तिला सापडला नाही. आम्ही तिथं वरच्या मजल्यावर राहायला गेलो आणि बरीच वर्षं राहिलो. तो शब्द मलाही अजून नीट सापडलेला नाही.

बाई मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. विकृतिशास्त्र म्हणजे शरीरातलं बिघडलेलं काय आणि कसं बिघडलं हे तुकडा कापून, रंगवून, काचेखाली बघून सांगण्याचं शास्त्र. लग्न केलं नव्हतं. जन्म जुन्या शहरातला. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतून सुरू झाली आणि पोलीस ॲक्शननंतर पुस्तकं मराठी झाली. त्यामुळं त्या भांडण मराठीत करत आणि मोजणी उर्दूत. काचेखालच्या पेशी मोजताना “पाँच, छे, सात” असं पुटपुटत. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ‘मुन्शी’ करून टाकलं. माझी बायको ‘मुन्शीणबाई’. तिला ते आवडलं नव्हतं, पण बाईंना आवडीनिवडी सांगून उपयोग नसे.

रोज सकाळी चहाच्या आधी त्या आपली काचपट्टी बघत. आमच्या घरी देवाला दिवा लागायचा त्याच सुमाराला. मी एकदा विचारलं, “रोज तेच बघून काय नवीन दिसतं?”

“नवीन काही नाही. ओळख ठेवायची. उद्या कुठं भेटली तर चुकायला नको.”

कॅन्सरला कुणी राक्षस म्हटलं, शत्रू म्हटलं, की बाईंना राहवायचं नाही. गल्लीतले एक गृहस्थ यकृताच्या कॅन्सरनं गेले. आम्ही सगळे भेटायला गेलो. त्यांची पत्नी रडत म्हणाली, “त्या राक्षसानं नेलं हो यांना.” सगळे माना हलवत असताना बाई शांतपणे म्हणाल्या, “राक्षस नव्हता, वहिनी. त्यांचीच पेशी होती. बाहेरून कुणी आलं नव्हतं.” माझी बायको बाईंना हात धरून बाहेर घेऊन आली. रस्त्यात त्या म्हणत होत्या, “मी चुकीचं काय बोलले? राक्षस म्हटलं की माणूस मंत्र शोधतो. आपलीच पेशी म्हटलं की तपासतो.”

त्यांचा दुसरा छंद याहून अवघड होता. आपण विद्यार्थ्यांना जे चुकीचं शिकवलं ते त्या, विद्यार्थी सापडेल तिथं, दुरुस्त करत. एका लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. समोरच्या पंगतीत शहरातले एक नामांकित सर्जन, केस पांढरे झालेले. बाई ताटावरून उठल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सर्जन घास टाकून उभे राहिले.

“बसा. तुम्ही दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा मी सांगितलं होतं, की माणसाचे बहुतेक कॅन्सर विषाणूमुळं होतात असं लवकरच सिद्ध होईल. आठवतं?”

“बाई, अं… हो, असेल.”

“असेल नाही, सांगितलं होतं. ते चुकलं. काही होतात, बहुतेक नाहीत. आणि कोंबडीला गाठ आणणाऱ्या त्या विषाणूमध्ये जो बिघडवणारा जीन सापडला, तो मूळचा कोंबडीच्याच पेशीतला निघाला. विषाणूनं तो उचलून नेला होता. तसाच जीन आपल्या पेशीतही आहे, रोजचं साधं काम करतो. बिघडला तरच गुंड. लक्षात आलं?”

“आलं, बाई.”

“मग जेवा. जिलेबी गार होते.”

परत येताना त्यांनी पंगतीतून आईस्क्रीमच्या लाकडी काड्या गोळा केल्या. हेही नेहमीचं. त्या काड्या घरी उकळून, पुसून, गच्चीवर चादरीवर वाळत घालत. कशाला, असं विचारलं की म्हणत, “लागतात.” गल्लीतली माणसं आपापसांत डोक्याकडं बोट दाखवत.

मला त्यांच्याशी बोलायला आवडायचं, कारण त्या ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द लाज न बाळगता वापरत. पण एका बाबतीत आमचं जमत नसे. मला टक्के हवे असत. तंबाखू खाणाऱ्यांत किती, न खाणाऱ्यांत किती. त्या म्हणत, “ते सगळं छापलेलं आहे, मी देते, वाचा. पण मुन्शी, टक्के हजार माणसांना असतात. एका माणसाला एकच तोंड असतं.”

“मग न खाणाऱ्यालाही होतो, त्याचं काय?”

“कोरड्या रस्त्यावरही माणसं घसरून पडतात. म्हणून शेवाळावर पळायचं का?”

एकदा मी विचारलं, की पेशी बिघडते म्हणजे नेमकं काय होतं. त्यांनी हातातली किल्ली दाखवली. “शरीरात रोज अगणित पेशी स्वतःची नक्कल करतात. नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका तिथल्या तिथं दुरुस्त होतात, नाहीतर ती पेशी स्वतःहून मरते. शहाणी व्यवस्था आहे. एक कुलूप तुटलं म्हणून चोरी होत नाही. फाटकाचं तुटायला पाहिजे, दाराचं, कपाटाचं, आणि कुत्राही झोपायला पाहिजे. त्याला वर्षं लागतात. सुपारी-तंबाखू काय करतात? रोज एकेक कुलूप हलवून बघतात.”

हे सगळं मी ऐकत होतो तोवर ते ज्ञान होतं. मग माझे मेव्हणे आले.

माझ्या बायकोचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सिल्लोडला त्यांची मक्याची आडत. माणूस बोलका, खाण्यापिण्याचा शौकीन, आणि गालात कायम सुपारी-तंबाखूची पुडी. बाजाराच्या कामाला शहरात आले की आमच्याकडं मुक्काम. त्या वेळी बायकोनं त्यांच्या आवडीचा ठेचा केला. अण्णांनी ताटात घेतला, पण खाल्ला नाही. दूधभात कालवला आणि तोही एका बाजूनं चावत बसले.

“अण्णा, ठेचा?”

“झोंबतंय गं. दात घासत व्हता गालाला. काढलाबी तो दात, तरी जखम भरंना.”

“केव्हापासून?”

“झालं की. पोळ्याच्या आधीपासून.”

तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती. बायको ताटावरून उठली ती थेट खाली बाईंकडं गेली.

बाईंनी अण्णांना व्हरांड्यात माझ्याच जागी उभं केलं. तीन बोटं सोडाच, अण्णांच्या तोंडात दीड बोट कसंबसं जात होतं. “पुडीतल्या सुपारीनं गाल आतून चामड्यासारखा होतो, तोंड मिटत येतं,” बाई मला म्हणाल्या. मग हातमोजा घालून, टॉर्च धरून त्यांनी जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग मानेच्या दोन्ही बाजू चाचपल्या.

“मानेत काही लागत नाही. हे चांगलं आहे. पण जखमेची कड टणक आहे. तुकडा काढून तपासायला पाहिजे. या आठवड्यात.”

अण्णांनी तोंड पुसलं. “तुकडा नाय.”

“का?”

“हत्यार लागलं की खवळतंय ते. आमच्या काकाचं तसंच झालं. बरा हिंडत-फिरत होता. दवाखान्यात तुकडा काढला आन् सहा महिन्यांत गेला. त्यापेक्षा हाय तसं राहू द्या. देवाचं देव बघंल.”

“काका दवाखान्यात गेले तेव्हा मानेत गाठ होती?”

“व्हती की. लिंबाएवढी.”

“म्हणजे आजार मानेत उतरला, म्हणून ते दवाखान्यात गेले. तुकडा नंतर काढला. आधी काय आणि नंतर काय?”

“ते मला नाय कळत. तुकड्यानंतर गेला, एवढं मी डोळ्यानं बघितलंय.”

घरात वर आल्यावर मी माझ्या परीनं प्रयत्न केला. बाईंनी दिलेली छापील पानं काढली, लवकर सापडलेल्या आणि उशिरा सापडलेल्या रुग्णांचे आकडे वाचून दाखवले. अण्णा शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, “दाजी, तुमचं टक्क्याचं राहू द्या. सकाळच्या एसटीनं मी निघतो.” बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. रडण्याचा आवाज झाकायला. पण नळाला पाणी नव्हतं.

पाण्याचं इथं सांगायला हवं. आम्ही राहायला आलो तेव्हापासूनच गल्लीत नळाची धार करंगळीएवढी होती. जायकवाडीचं धरण भरलेलं, आणि आमच्याकडं हंडा भरायला निम्मी सकाळ. कुणीतरी मुख्य लाईनीतून चोरून जोडणी घेतली आहे याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. कुणी, याबद्दलही एकमत होतं. कोपऱ्यावरचे वकील. त्यांच्या बागेत हिरवळ होती, एवढाच पुरावा. वरच्या मजल्यावरचा आमचा नळही कोरडाच; फक्त खाली बाईंच्या अंगणातला हौद भरलेला असायचा. त्याचं कारण त्या सगळ्यांना ऐकवत. “मी जपून वापरते. तुम्ही नळ उघडा टाकून गप्पा मारता.” बाईंनी पालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या माणसांचा इतका पिच्छा पुरवला, की शेवटी ते गल्ली खोदायला तयार झाले. नेमकं अण्णा निघणार होते त्याच सकाळी.

अण्णांची एसटी चुकली ती त्यामुळं. गावाकडचा माणूस कुठं खोदताना दिसलं की थांबतोच. मजुरांनी कुदळ उचलली तेव्हा वकील हात पसरून आडवे आले.

“खोदू नका! जुनी लाईन आहे, धक्का लागला की फुटेल. आहे तेवढं पाणीही जाईल. चाललंय तसं चालू द्या.”

लोक दबकले. मजूर थांबले. त्यातच अण्णा पुढं झाले. “अहो वकीलसाहेब, खोदल्याबिगर कसं कळंल? वरून का दिसतंय काय? चाललंय तसं चालू दिलं तर उद्या थेंब यायचा नाय. सरका.” आणि त्यांनी मजुराच्या हातातली कुदळ घेतली.

मी बाईंकडं बघितलं. त्या फाटकाला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे अण्णांवरून हलत नव्हते.

वीतभर, हातभर, मग मुख्य लाईन उघडी पडली. तिच्या अंगाला दुसरा एक पाईप चिकटलेला, जाड, गंजलेला, जुना. लोक ओरडले, “सापडला!” मजुरांनी त्याचा माग काढत माती उपसायला सुरुवात केली. सगळे वकिलांच्या फाटकाच्या दिशेनं सरकले. पाईप मात्र वळला. तो उलट्या बाजूला निघाला, रस्ता ओलांडून, एका कंपाउंडच्या भिंतीखालून आत गेला. भिंत बाईंची होती. पाईप हौदात उतरत होता.

घर बांधलं तेव्हा बाई दिवसभर कॉलेजात असायच्या. मिस्त्रीनं परस्पर करून टाकलेलं काम ते.

वकील हळूच म्हणाले, “काय बाई? सापडला ना चोर?”

बाई चिखलात उतरल्या. पाईपाला हात लावून पाहिला, हौदापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं आता या रागावतील किंवा रडतील. त्यांचा चेहरा उजळला होता.

“सापडला! माझाच!” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी तुम्हाला काटकसर शिकवत होते. वकीलसाहेब, तुमची माफी मागते. सगळ्यांच्या देखत. बघा, मुन्शी, बघा. बाहेरचा कुणी नाही. स्वतःची वेगळी लाईन टाकलेली, शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी ओढणारी, आणि ज्या घरात आहे त्या घराला पत्ता नाही. गाठ अगदी हेच करते. रक्ताची स्वतःची जोडणी घेते.” मग मजुरांना म्हणाल्या, “तोडा. नुसता बूच मारू नका. मुळापासून काढा. इंचभरही ठेवायचा नाही.”

अण्णा कुदळ टेकवून उभे होते. बाई चिखलानं भरलेल्या हातांनी त्यांच्यासमोर आल्या.

“अण्णा, मघाशी काय म्हणालात? खोदल्याबिगर कसं कळंल?”

अण्णा खाली बघत राहिले. मग हसले. दीड बोटाचं हसू. “धरलं की बाई तुम्ही मला.”

“मी कुठं धरलं? तुम्हीच बोललात. सांगा, खोदल्यामुळं हा पाईप झाला का?”

“नाय. व्हताच.”

“मग?”

अण्णांनी गालावरून हात फिरवला. “आन् वाईट निघालं तर?”

“माझंच निघालं, मेले का मी? तोडलं.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “खोटं नाही सांगत. वाईट निघेल असं मला वाटतं. पण मान मोकळी आहे. आज मोकळी आहे. उद्याचं मला ठाऊक नाही.”

अण्णांनी कुदळ मजुराला परत दिली. “दाजी, सिल्लोडला फोन करा. म्हणावं, चार दिस राहतोय.”

तुकड्याचा निकाल वाईट आला. आमच्या नातेवाइकांनी ठरवलं, की अण्णांना सांगायचं नाही. साधी जखम आहे, छोटं ऑपरेशन आहे, एवढंच म्हणायचं. आमच्याकडं पद्धतच ती. घरातल्या सगळ्यांना ठाऊक, फक्त ज्याला झालाय त्याला नाही. हा बेत घेऊन आम्ही बाईंकडं गेलो, तर त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. “ज्याचं तोंड त्याला आधी.” त्यांनी काचपट्टी मागवून घेतली होती. अण्णांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, रुमाल काढला.

“हे तुम्ही,” त्या म्हणाल्या. मग काच बदलली. “आणि ही मी.”

अण्णांनी दोन्ही बघितलं. “बाई, मला तर दोन्ही सारखंच दिसतंय.”

“दिसायला सारखं नाही. वागणं सारखं. शेजारणीचं ऐकायचं नाही, थांब म्हटलं तर थांबायचं नाही, मरायची वेळ झाली तरी मरायचं नाही. आणि मग गाव सोडून दुसरीकडं जायचं. जाणाऱ्या बहुतेक वाटेत मरतात, एखादी रुजते. ती निघायच्या आत आपण पोचायचं. म्हणून कडेचा चांगला भागसुद्धा काढावा लागेल. चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही.”

अण्णांनी पुन्हा काचेला डोळा लावला. मग म्हणाले, “तुम्हाला रोज सकाळी ही बघायला भ्या नाय वाटत?”

“वाटतं. म्हणूनच बघते.”

ऑपरेशन शहरातच झालं. गालाचा भाग, जबड्याची एक कड, खबरदारी म्हणून मानेतल्या ग्रंथी, आणि नंतर किरणांचे शेक. त्या महिन्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. ते ज्यानं सोसलं त्याचं आहे. त्यातून अण्णा निघाले तेव्हा चेहरा एका बाजूला ओढलेला, बोलणं जड, आणि तोंड एका बोटापुरतंही उघडेना. घास जाईना. ते म्हणाले, “वाचवलं कशाला? उपाशी माराया?”

बाई गच्चीवर गेल्या आणि पिशवीभर आईस्क्रीमच्या काड्या घेऊन आल्या. तेव्हा मला कळलं त्या कशाला ‘लागतात’. काड्यांची चळत दातांमधे धरायची, थोडा वेळ सोसायचं, मग मधे आणखी एक काडी सरकवायची. रोज. दुखलं तरी. तोंड पुन्हा मिटू पाहतं, ते मिटू द्यायचं नाही. बाईंनी अशा पिशव्या कितीजणांना दिल्या होत्या याची मला तोवर कल्पना नव्हती.

दर खेपेला अण्णा आले की बाई माप घेत. पुस्तकात रुग्णाची स्वतःचीच बोटं वापरतात, पण अण्णा बोटं तिरकी धरून लबाडी करत. म्हणून बाई हातमोजा चढवून स्वतःची बोटं घालत. “माप एकच पाहिजे,” त्या म्हणत, आणि मला ते शंभर टक्के पटत असे. एक बोट. मग बरेच महिने एकच. मग दीड. “दीड तर आधीच व्हतं,” अण्णा जड जिभेनं म्हणाले. बाई म्हणाल्या, “तेव्हा मिटत चाललेलं दीड होतं. आता उघडत चाललेलं आहे.” मग दोन. दोन झाली त्या दिवशी अण्णांनी बायकोकडं ठेचा मागितला. खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुन्हा मागितला.

दोनवर गाडी अडली. वर्षं गेली. तिसरं बोट जाईना. बाई म्हणत, “जाईल.” अण्णा म्हणत, “ऱ्हाऊ द्या की, भाकरी जातीय.” बाई म्हणत, “मी तीन सांगितली आहेत.”

बाईंची पाठ दुखायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं वय. त्यांना तसं वाटलं नाही. हाडातून तुकडा काढला गेला. त्यांनी काचपट्टी घरी मागवली, सकाळी चहाच्या आधी नवी काच आणि जुनी काच शेजारी ठेवून बघितल्या आणि मला हाक मारली.

“तीच आहे, मुन्शी. वळण बदललंय थोडं, पण तीच.”

“इतक्या वर्षांनी? कशी?”

“झोपली होती. काही पेशी तशा झोपतात, एवढं आता दिसतंय. कशानं झोपली आणि कशानं उठली, ते ठाऊक नाही.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “मी विद्यार्थ्यांना सांगत होते, इतकी वर्षं गेली की सुटलात. तेही दुरुस्त करायला हवं.”

आणि त्या खरोखर बसल्या फोन करत. औषधं घेतली, सगळे उपचार करून घेतले, कुणाकडून दया घेतली नाही. त्यात बराच काळ निघाला. पण शेवटी त्या खाटेला लागल्या, आणि अण्णा भेटायला आले.

बाई खूप वाळल्या होत्या. अण्णा दारातच थबकले. बाईंनी मान वळवली. “मुन्शी, टॉर्च. आणि हातमोजा.”

“बाई, आज ऱ्हाऊ द्या,” अण्णा म्हणाले.

“आ करा.”

अण्णा खाटेशी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी हात उचलला. मी कोपराखाली आधार दिला. एक बोट गेलं. दुसरं गेलं. मग तिसरं, जराशी कड घासत, पण गेलं.

बायको माझ्या मागं उभी होती. “गेलं! बाई, तिसरं गेलं!” तिनं टाळी वाजवली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडंच होतं.

मला आनंद झाला नाही. मोजा त्यांच्या बोटांवर सैल लोंबत होता, तो मी बघत होतो. माझ्या लक्षात आलं होतं आणि मी गप्प राहायचं ठरवलं होतं. एका दिवसापुरतं चालेल, असं मला वाटलं.

बाईंनी बोटं काढली आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर धरली.

“हे धरायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तोंड उघडलेलं नाही. बोटं बारीक झालीत.”

“बाई, काय फरक पडतोय,” बायको रडत म्हणाली.

“माप बदललं की मोजणी रद्द. मुन्शीणबाई, तुमच्या नवऱ्याला विचारा.” त्यांनी मोजा काढून माझ्याकडं सरकवला. “मुन्शी, तुम्ही घाला. इथून पुढं तुमची बोटं.”

मी हात धुतले, मोजा चढवला, अण्णांच्या तोंडात बोटं घातली. दोन. तिसऱ्याचं टोक दाताला अडलं.

“किती?”

मी खरं सांगितलं. “दोन.”

“दोन,” बाई समाधानानं म्हणाल्या. “अण्णा, काड्या संपल्यात का?”

“हायेत.”

“मग लावा.”

बाई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही गारखेड्यातच स्वतःचं घर घेतलं. अण्णांचं वय झालं, आडत मुलगा बघतो. दर भाऊबीजेला ते सिल्लोडहून येतात, आणि पाटावर बसायच्या आधी उजेडाकडं तोंड करून उभे राहतात. मी हात धुतो. परवाच्या भाऊबीजेला दोन बोटं सहज गेली आणि तिसरं पेरापर्यंत. माझी बायको म्हणाली, “तीन म्हणा की आता. सणाचा दिवस आहे.”

अण्णांनीच मान हलवली, आणि तोंडात माझी बोटं असतानाच, जड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाले, “दोन.”